ड्रोनवाल्याला सहा लाख द्यायच्या आधी विहिरीत दोरी सोडा

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गाव नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या पूर्वेकडचं, शिवार साधारण ९०० हेक्टर, पाऊस सरासरी साडेपाचशे मिलीमीटर, तोही कधी येतो कधी हुलकावणी देतो. एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून, मृद-जलसंधारणाला ४० लाख मिळतायत आणि एक एजन्सी म्हणते त्यातले ६ लाख आम्हाला द्या, आम्ही ड्रोन उडवतो, सॅटेलाइट डेटा घेतो, एआय लावतो आणि कुठं काय बांधायचं ते लोकेशनसकट काढून देतो. हे घ्यावं का, आणि नाही घेतलं तर डेटा वापरून जागा ठरवायच्या कशा, असं तुम्ही विचारलंय.

मी कृषी अभियंता, वीसेक वर्षं याच जिल्ह्यात पाणलोटाची कामं करतोय, पेठ-सुरगाण्यापासून येवला-नांदगावपर्यंत. सुरवातीला डंपी लेव्हल, म्हणजे उंची-उतार मोजायची दुर्बीण, खांद्यावर टाकून माळ तुडवले, आता निम्मा वेळ लॅपटॉपसमोर जातो. त्यामुळं माझा टेक्नॉलॉजीला विरोध आहे असं समजू नका, माझं पोटच त्यावर आहे. पण सरळ सांगायचं तर ६ लाख आत्ता देऊ नका. पुढं कधीतरी त्यातले लाख-दीड लाख ड्रोनवर घालावे लागतील, ते शेवटी सांगतो. डेटाचा खरा फायदा 'इथं काम करू नका' हे कळण्यात आहे, आणि त्यासाठी जो डेटा लागतो त्यातला बहुतेक फुकट मिळतो किंवा तुमच्या गावातच पडून आहे, फक्त कोणी गोळा केलेला नाही.

पहिलं काम म्हणजे पाण्याचा हिशोब, वहीच्या मागच्या पानावर होतो. एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर. तुमचे ९०० हेक्टर गुणिले ५५० मिलीमीटर, झाले ४९ लाख ५० हजार घनमीटर, आपल्या भाषेत ४९५० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर). आकडा बघून छाती फुगते, पण यातलं नाल्यानं वाहणारं किती? आपल्याकडं अजूनही ब्रिटिश काळातलं स्ट्रेंजचं टेबल वापरतात, किती पावसाला किती टक्के पाणी वाहतं ते सांगणारं, त्यात मध्यम पाणलोटाला एवढ्या पावसाला १२-१३ टक्के येतात, म्हणजे ६२० टीसीएमच्या आसपास. माती आणि पिकावरून वाहतं पाणी काढायच्या कर्व्ह नंबर पद्धतीनं काढा, थोडं मागंपुढं होईल पण पट तोच राहील. आता तुम्हीच पाठवलेली यादी बघा, एक पाझर तलाव, ९ सिमेंट बांध, १४ माती बांध, कागदावरची एकूण क्षमता २३० टीसीएम. पावसाळ्यात हे एकदाच भरत नाहीत, भरतात, मुरतात, परत भरतात, दीड वेळा धरलं तर ३४५ टीसीएम अडवायची सोय गावात आधीच आहे. उरले २७५, तेही सरासरीच्या वर्षी, आणि त्यात खालच्या गावाचा वाटा आलाच. कमी पावसाच्या वर्षी उरतं शून्य. म्हणजे ४० लाखात आणखी बारा बंधारे ओळीनं बांधले तर त्यातले बरेचसे वरच्या बंधाऱ्याच्या सांडव्याकडं डोळे लावून बसणार.

आणि दुसरी बाजू. गावात उन्हाळ कांदा ३०० हेक्टर म्हणताय. कांद्याला ५०० मिलीमीटर पाणी धरलं तर १५ लाख घनमीटर, १५०० टीसीएम. नाल्याचं सगळं पाणी थेंब न थेंब अडवलं तरी एकट्या कांद्याला पुरत नाही. हा आकडा मी मुद्दाम ग्रामसभेत फळ्यावर लिहितो, पाच मिनिटं कोणी बोलत नाही. मग ठिबक, तुषार, कांद्याचं क्षेत्र, बोअर किती मारायच्या, या गोष्टी निघतात. कोणतंही एआय ही चर्चा तुमच्यासाठी करणार नाही. आयआयटी बॉम्बेच्या टीमनं पोकरा या सरकारी शेती प्रकल्पासाठी क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचं प्लगिन केलंय, त्यात माती, उतार, पीक, रोजचा पाऊस सगळं घालून हाच हिशोब बारकाईनं होतो. पुढच्या टप्प्यात ते जरूर वापरा, पण आधी हातानं करा म्हणजे कॉम्प्युटरनं भलतंच काही सांगितलं तर ओळखता येईल.

पावसाचा आकडा मात्र तालुक्याचा घेऊ नका. सिन्नरच्या पश्चिमेचा डोंगराकडचा पाऊस आणि तुमच्याकडचा पाऊस एकच सरासरी म्हणून लिहिणं म्हणजे गंमतच आहे, आणि जिल्ह्याची सरासरी तर इगतपुरीनं पार बिघडवलेली असते. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळानिहाय आहेत, कृषी विभागाच्या महारेन साइटवर मंडळाचा रोजचा पाऊस मिळतो, तो किमान दहा वर्षांचा काढा. आणि शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवा, सकाळी साडेआठला पोरं वाचतील. माती वाहून जाते ती वर्षभराच्या पावसानं नाही, चार-पाच दणक्या सरींनी जाते. एका दिवसात ६० मिलीमीटर पडला एवढं पुरत नाही, तो पाऊण तासात पडला का रात्रभर रिपरिप पडला ते शेजारी लिहायला सांगा.

आता सॅटेलाइट. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचे फोटो फुकट आहेत, १० मीटरचा एक ठिपका, साधारण पाच दिवसांनी नवा फोटो, आणि २०१७ पासून बऱ्यापैकी सलग मिळतात. फेब्रुवारी-मार्चचे पाच-सहा वर्षांचे फोटो घेऊन हिरवळीचा निर्देशांक काढला की शिवारात कुठं पाणी टिकतं त्याचा एक अंदाज येतो. पण नाशिक जिल्ह्यात या निर्देशांकानं मला इतक्या वेळा फसवलंय की त्यावर वेगळं लिहावं लागेल. कांदा काढणीला आला की पात पिवळी पडून मान टाकते, मार्चअखेर-एप्रिलच्या फोटोत तो पट्टा कोरडा दिसतो आणि बाहेरचा माणूस लिहितो 'पाणीटंचाईग्रस्त'. अहो, त्यानं ट्रॉली भरभरून कांदा काढलाय तिथं. देवळा-मालेगाव-सटाण्याकडं डाळिंबाला बहार धरायला शेतकरी मुद्दाम ताण देतो, पानं गळतात, निर्देशांक धाडकन पडतो, विहिरीत मात्र पाणी असतं. निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेची एप्रिल छाटणी झाली की बाग नुसत्या काड्यांची दिसते, आणि उलट एरवी जी हिरवळ दिसते ती तिथल्या विहिरीची का धरणावरून आणलेल्या पाइपलाइनची, हे फोटोला कळत नाही. नाल्याकाठी हिरवा पट्टा दिसला की पाणी असेल असं वाटतं, जाऊन बघावं तर वेडी बाभूळ. पावसाळ्यातले फोटो तर ढगांमुळं बहुतेक वाया जातात, मग सेंटिनेल-१ चा रडार डेटा घ्यावा लागतो, तो ढगातून बघतो पण वाचायला अवघड. तेव्हा फोटो जरूर काढा, पण एका वर्षाचा नाही, चांगल्या पावसाचं एक वर्ष आणि दुष्काळी एक वर्ष शेजारी ठेवा. दोन्ही वर्षी हिरवं राहिलेलं रान तिथल्या भूगर्भाबद्दल काहीतरी सांगतंय. चांगल्या वर्षी हिरवं आणि वाईट वर्षी करपलेलं, ते तुमचं लक्ष देण्याचं रान. दोन्ही वर्षी उजाड असेल तर आधी जाऊन बघा, बहुतेक वेळा तिथं माळाचा कातळच निघतो.

याच फोटोंतून अजून एक मोजणी होते जी एजन्सीवाले सहसा करत नाहीत. गुगल अर्थ उघडा आणि प्लास्टिकची शेततळी मोजा, निळे-काळे चौकोन स्पष्ट दिसतात, जुन्या तारखांचे फोटोही बघता येतात. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं म्हणजे साधारण २२०० घनमीटर. तुमच्या शिवारात समजा ८० तळी निघाली, तर १७६ टीसीएम पाणी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये विहिरी-बोअरमधून उपसून वर उघड्यावर आणून ठेवलं. फेब्रुवारी ते मे दिवसाला ७-८ मिलीमीटर बाष्पीभवन पकडलं तर चार महिन्यांत ८०-९० सेंटीमीटर पाणी नुसतं हवेत जातं. शेततळं वाईट असं मी म्हणत नाही, ज्याची बाग आहे त्याचा जीव त्यावर आहे, ऐन मे मधे दुसरं कोणी त्याच्या मदतीला येत नाही. पण पावसाचं वाहतं पाणी भरणारं शेततळं आणि भूजल उपसून भरणारं शेततळं ही दोन वेगळी जनावरं आहेत, यादीत मात्र दोन्ही 'जलसंधारण' म्हणून मोजली जातात.

उताराच्या नकाशाबद्दल आता. एजन्सीचा जो नमुना रिपोर्ट तुम्ही पाठवलात त्यात नाले ज्या डेटावरून काढलेत तो एसआरटीएम आहे, फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या शटलनं केलेली मोजणी, ३० मीटरचा एक चौकोन. इस्रोच्या भुवन या नकाशांच्या साइटवर त्यांच्या कार्टोसॅट उपग्रहाचा मिळतो, तोही ३० मीटरच. डोंगराळ भागात पाणलोटाची हद्द काढायला हे ठीक आहे, पेठला मी डोळे झाकून वापरतो. पण सिन्नरचा पूर्वभाग, येवला, हा सपाट मुलूख, तिथं दोन-तीन मीटरच्या चुकीनं पाणलोट या नाल्याचा त्या नाल्यात जातो. शिवाय २००० सालच्या त्या मोजणीला समृद्धी महामार्ग माहीतच नाही! तालुक्यातून तो एवढा भराव टाकून गेलाय, पाणी आता मोऱ्यांमधूनच निघतं, जिथं पूर्वी चार ओघळी होत्या तिथं एकाच मोरीतून लोट येतो आणि खालची शेतं खरवडून काढतो. नकाशावर त्या चारही ओघळी अजून सुखानं वाहतायत. तुमचं गाव भरावापासून लांब असलं तरी गावातले रस्ते, पाट, जुने पाझर तलाव यांचं तेच.

यात माझीच फजिती सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी चांदवडकडच्या एका गावात मी सॉफ्टवेअरनं काढलेल्या नाल्यावर सिमेंट बांधाची जागा नक्की केली. सॉफ्टवेअर आधी खड्डे 'भरून' घेतं म्हणजे नाला सलग दिसावा, आणि त्या भरण्यात वरचा जुना माती बांधच पुसला गेला होता. पाणलोट कागदावर ११० हेक्टर, प्रत्यक्षात त्या बांधापर्यंत पोचणारा भाग निम्माही नव्हता. इस्टिमेट झालं, सही झाली, आखणीला गेलो तेव्हा तिथली एक म्हातारी म्हणाली, 'सायेब, इथून पाणी नाही जात, तिकडून जातं, हितं आम्ही शेरडं बांधतो.' नाल्यात शेरडं! बांधकाम थांबलं म्हणून पैसे वाचले, पण माझा एक महिना आणि वरिष्ठांचा विश्वास दोन्ही गेलं. तेव्हापासून नकाशा बघून मी फक्त एवढंच ठरवतो की उद्या कुठं चालत जायचं.

धुपीच्या नकाशाची गोष्ट अशीच. रसल नावाचं समीकरण आहे, पावसाचा जोर, मातीची ठिसूळता, उताराची लांबी-तीव्रता, पिकाचं आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचा गुणाकार. सगळ्या एजन्सी हेच वापरतात, आणि सगळ्यांचा नकाशा सारखाच दिसतो, डोंगर लालभडक आणि खाली हिरवं. कारण उताराचा आकडा बाकी सगळ्याला गिळतो. पण डोंगराच्या माथ्यावर वाहून जायला माती राहिलीय कुठं, तिथं कातळ उघडा पडून जमाना झाला. खरं नुकसान होतं मधल्या पट्ट्यात, दोन-तीन टक्के उताराच्या मुरमाड ते मध्यम काळ्या जमिनीत, जिथं मका-बाजरी-सोयाबीनसाठी जूनमध्ये नांगरून रान मोकळं असतं, पीक अजून जमीन झाकायचंय आणि पहिला दणका येतो. त्यात पेरणी उताराच्या दिशेनं असली तर विचारूच नका, प्रत्येक सरी म्हणजे एक छोटा नाला. मातीचा जो तयार नकाशा मिळतो तो नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेचा आहे, काम उत्तम पण राज्याचा नकाशा १:२,५०,००० चा, त्यावर तुमचं अख्खं गाव बोटाच्या नखाखाली झाकलं जातं. त्यावरून गट नंबरनिहाय सल्ला देणारा माणूस अंदाजपंचे बोलतोय.

मग धूप कुठं जास्त हे कसं शोधायचं? तुमच्याकडं २३ सेन्सर आधीच बसवलेले आहेत, ९ सिमेंट आणि १४ माती बांध. प्रत्येकात गाळ साचलाय. मे महिन्यात कोरडे असतात तेव्हा एक लोखंडी सळई घ्या, प्रत्येक बांधात आठ-दहा ठिकाणी ठोकून गाळाची खोली मोजा, पसरलेल्या भागाची लांबी-रुंदी टेपनं घ्या, गुणाकार करा. बांध कोणत्या साली झाला ते पाटीवर किंवा पंचायतीत मिळेल, मधे कधी गाळ काढला असेल तर त्या सालापासून धरा. त्या बांधाचा पाणलोट किती हेक्टर ते नकाशावरून. गाळ भागिले वर्षं भागिले हेक्टर. झालं. २३ बांधांचे २३ आकडे शेजारी शेजारी लिहिले की कोणत्या ओघळीतून माती येतेय ते उघडं पडतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका गावात तीन ओघळींतून निम्म्याहून जास्त गाळ येत होता, आणि त्या तिन्ही रसलच्या नकाशावर फिक्या पिवळ्या होत्या. बारीक माती सांडव्यावरून निघून जाते, सगळी अडकत नाही, हे खरं, म्हणून आकड्याला टनांचा दर्जा देऊ नका, फक्त क्रम लावायला वापरा. आणि यातूनच दुसरं कळतं की २३० टीसीएमची क्षमता आता खरी किती उरलीय. एक तृतीयांश गाळानं गेली असेल तर नुसता गाळ काढून ७५ टीसीएम परत मिळतात, नव्या बांधापेक्षा खूप स्वस्तात, आणि तो गाळ हलक्या रानात पडतो ते वेगळंच. फक्त ज्या ओघळीतून गाळ येतोय तिथं आधी बांधबंदिस्ती, दगडी बांध, सलग समतल चर हे करा, नाहीतर चार पावसाळ्यांत पुन्हा पोकलेन बोलवावा लागतो.

विहिरींकडं येतो, कारण सगळ्यात जास्त मोलाचा डेटा तिथं आहे. गावात ज्या काही शंभर-दीडशे विहिरी असतील त्यातल्या ४० निवडा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळीकडच्या, नुसत्या नाल्याकाठच्या नको. लोकेशन मोबाइलवर घ्या, पाच-सात मीटरची चूक चालते. कठड्यापासून पाण्यापर्यंत दोरी सोडून मोजा, मीटरनं खुणा केलेली दोरी आणि टोकाला वजन, बास. दिवाळीच्या सुमारास आणि मे मधे, जमलं तर जानेवारी-मार्चलाही, म्हणजे भूजल सर्वेक्षण यंत्रणा त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते त्याच्याशी ताडता येईल. आता खरी मेख. मोजणी मोटर बंद करून निदान रात्रभर झाल्यावरची पाहिजे. शेतीची थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते, तुम्ही सकाळी आठला मोजायला गेलात आणि रात्रपाळीची लाइट असेल तर रात्रभर उपसलेल्या विहिरीची पातळी मोजून येता. एका गावात पोरांनी मन लावून दोन वर्षं मोजलं, आकडे कशाशीच जुळेनात, शेवटी लक्षात आलं की निम्म्या विहिरी उपसा चालू असताना मोजल्यात. म्हणून फॉर्ममध्ये एक रकाना ठेवाच, मोटर किती वाजता बंद झाली. आणि शेतकऱ्याला एक प्रश्न, मार्चमध्ये मोटर सलग किती तास चालते? 'अर्धा तास चालते न उपसते' हे उत्तर कोणत्याही निर्देशांकापेक्षा खरं असतं.

विहीर मोजताना आत डोकावून थर लिहून काढा. माती किती, मुरूम किती, मांजऱ्या (मऊ खडक) किती, गेरूचा लाल पट्टा कुठं लागला, काळा पाषाण कुठून सुरू, झरा कोणत्या बाजूनं आणि किती फुटावर. आपला सगळा दख्खनचा बेसॉल्ट, थरावर थर, त्यातला जाळीदार आणि भेगाळ थर पाणी घेतो, सलग काळा पाषाण घेत नाही. भूजलाच्या सरकारी अंदाज पद्धतीतसुद्धा पावसातलं मुरणारं पाणी भेगाळ-जाळीदार बेसॉल्टला १३ टक्के आणि साध्या झिजलेल्या बेसॉल्टला ७ टक्के धरतात, म्हणजे जवळजवळ दुपटीचा फरक, आणि तो एकाच गावात दोन नाल्यांमध्ये असू शकतो. ४० विहिरींचे थर समुद्रसपाटीच्या उंचीवर लावून बघितले की कोणत्या नाल्याच्या तळाला कोणता थर उघडा पडलाय ते कळतं. जिथं नाला जाळीदार थर कापतो तिथं पाणी अडवा, मुरेल. जिथं तळाला पाषाण आहे तिथं बांध घातला तर पाणी महिनोन्‌महिने तळ्यासारखं दिसेल, फोटो झकास येतील, पण खालच्या विहिरींना काही नाही. पाणी दिसतंय म्हणून खूष होणारं गाव आणि आठ दिवसांत बंधारा आटला म्हणून चिडणारं गाव, दोन्ही मी पाहिलीत, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच विहिरी चांगल्या होत्या. नाला खोलीकरणाचं तेच, शिरपूरला झालं म्हणून आपल्याकडं जेसीबी लावू नका, तिथं तापीच्या गाळाचा जाड थर आहे, तुमच्याकडं नाही. मुरूम संपेपर्यंत खोदलंत तर नाला विहिरींचं पाणी उलटं ओढून घेतो.

जुन्या लोकांना हे कळत होतं बरं का. बागलाणात मोसम-आरमवर फडाचे बंधारे शेकडो वर्षांचे आहेत, तुमच्या तालुक्यात देव नदीवर ब्रिटिशकाळातले बंधारे-पाट आहेत, एकेक जागा जाऊन बघा, कातळाचा उंबरठा आणि पाटाला पुरेसा उतार बघूनच निवडलेली. नारळ फिरवणाऱ्या पाणाड्यावर मात्र माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो, भांडायचं असेल तर सिन्नरला चहाला या. जिथं थर कळत नाहीत तिथं दोन-चार ठिकाणी विद्युत रोधकता चाचणी (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची) करून घ्या, खर्च फार नाही.

हे सगळं कोरडवाहू पूर्वपट्टीचं झालं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर हिशोब वेगळाच, तिथं दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर. नागली-वरईची उतारावरची रानं, पातळ माती, पाणी सरळ खाली. तिथं मी आधी झिरे, म्हणजे डोंगरातून पाझरणारे झरे, मोजतो, बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच, दर पंधरा दिवसांनी. झिऱ्याला पाणी देणारा डोंगर कधी कधी पलीकडच्या पाड्याच्या हद्दीत असतो, पाणलोटाच्या नकाशात तो येतच नाही, कारण थर दुसरीकडं कललेला असतो. कोणी इकडचा असेल तर वेगळं विचारा.

नकाशा तयार झाला की तो लॅपटॉपवर दाखवू नका. सिन्नरच्या कोणत्याही फ्लेक्सवाल्याकडं दहा बाय आठ फुटाचा छापून घ्या, गट नंबर, नाले, बांध, विहिरी, आणि देवळासमोर अंथरा. माणसं त्यावर उभी राहून स्वतःचं रान शोधतात, मग चुका निघतात. गटांच्या नकाशाची हद्द सॅटेलाइटवर दहा-वीस मीटर सरकलेली असतेच, त्यावरून बांधाच्या भांडणाला तोंड फुटू शकतं, म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहा की हा मोजणीचा नकाशा नाही. बायकांना वेगळं बोलवा, दुपारी, कारण सगळ्यांसमोर त्या बोलत नाहीत आणि कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते हे त्यांनाच पाठ असतं. बोअर मात्र नकाशावर मालकाच्या नावानं टाकू नका, लोक खोली लपवतात, ६० मीटरच्या खाली गेलेला तर हमखास लपवतो, नुसता ठिपका टाका. आणि पुढाऱ्याच्या विहिरीशेजारी बंधारा पाहिजेच असा आग्रह निघाला, निघतोच, तर गाळाचे आणि विहिरींचे आकडे फ्लेक्सवर लिहिलेले असले की तुम्हाला एकट्याला वाईट व्हावं लागत नाही.

आता ड्रोन. वरचं सगळं होऊन समजा तुमच्या हातात तीन ओघळी आणि दोन नाल्याचे तुकडे उरले, मिळून दीडशे हेक्टर. तेवढ्यावरच ड्रोन उडवा, ९०० वर नाही. मे मध्ये, रान मोकळं असताना, नाहीतर मका-ऊस-द्राक्षाचा शेंडा जमीन म्हणून मोजला जातो. जमिनीवर डीजीपीएसनं (जास्त अचूक जीपीएसनं) घेतलेले कंट्रोल पॉइंट, म्हणजे ताडून बघायच्या खुणा, किती ते करारात लिहून घ्या, ते नसतील तर अर्ध्या मीटरच्या समपातळी रेषा म्हणजे नुसती नक्षी. जिल्ह्यात देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमानतळ-एचएएल अशी ठिकाणं आहेत, सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर ड्रोनचे झोन बघितल्याशिवाय कोणालाही उडवू देऊ नका, पोरं उत्साहात उडवतात आणि मग पोलीस ठाण्यात बसतात. आणि 'एआयनं काढलेलं लोकेशन' म्हणून जे देतील त्यातल्या प्रत्येक ठिकाणाला विचारा, पाणलोट किती, तळाला थर कोणता, वरच्या बांधाची क्षमता किती वजा केली. तीनपैकी दोनचं उत्तर नसेल तर तो ठिपका खोडा. चर आखताना शेवटी हायड्रोमार्करची, म्हणजे पाणी भरून पातळी जुळवायची, नळीच लागते, ड्रोन काही चुना टाकत नाही.

झालेल्या कामाच्या मोजणीबद्दल एक. जिओटॅग फोटो म्हणजे काम झाल्याचा पुरावा, पाणी मुरल्याचा नाही, आणि तोही नेहमी नाही, एका योजनेत एकाच दगडी बांधाचे तीन बाजूंनी काढलेले तीन फोटो मी तीन बांध म्हणून चढलेले पाहिलेत. दोन वर्षांनी कोणी सांगेल पाणीपातळी ५ मीटरनं वाढली, तेव्हा हा हिशोब करा. बेसॉल्टमध्ये एक मीटर पातळी वाढली म्हणजे खडकात साधारण दोन टक्के जागा भरली, तुमच्या ९०० हेक्टरला १८० टीसीएम. पाच मीटर म्हणजे ९०० टीसीएम. सगळ्या बांधांची मिळून क्षमता २३०, दीड वेळा भरले तरी ३४५, मग बाकी कुठून आलं? आलं ते त्या वर्षीच्या पावसातून. म्हणून तुलना तेवढ्याच पावसाच्या जुन्या वर्षाशी करा, आणि काम न झालेल्या शेजारच्या गावातल्याही पाच-सहा विहिरी पहिल्या दिवसापासून मोजत रहा. शेजारच्या गावाला हे विचित्र वाटतं, एक चहा पाजा, करू देतात.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच. तालुका कृषी कार्यालयात जलयुक्तच्या वेळचा गावाचा आराखडा पडून असेल, त्याची झेरॉक्स आणा. अटल भूजल योजनेत आपला जिल्हा होता, तुमची ग्रामपंचायत त्यात असेल तर जल सुरक्षा आराखडा आणि विहिरींच्या नोंदी मागा. सळई आणि दोरी घेऊन चार पोरं लावा, पाऊस पडायच्या आत २३ बांध आणि ४० विहिरी होतील, पंधरा दिवसांचं काम आहे. आकडे आले की शीट मला पाठवा, मी बघून सांगतो कोणत्या तीन-चार ओघळींवर पैसे घालायचे. फक्त विहिरीच्या आकड्याशेजारी मोटर कधी बंद झाली ते लिहिलेलं नसेल तर पाठवू नका, परत मोजायला लावीन.